बरोबरचं चिन्ह

इस्पितळात त्यांना सगळे सर्व्हरकाका म्हणत. डॉक्टर म्हणत, सिस्टर म्हणत, औषधांच्या खिडकीवरची मंडळी म्हणत, आणि त्यांच्याहून वयाने मोठा असलेला दारावरचा रखवालदारही म्हणे. काकांनाही ते आवडायचं. तरुणपणी ते या इमारतीत वायरी ओढायला आले होते. शिडीवर चढून, छताच्या पोकळीत डोकं खुपसून. तिथून वर येत येत, म्हणजे खरं तर खाली येत येत, ते तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीचे प्रमुख झाले.

त्या खोलीत लोखंडी कपाटांमध्ये मोजकेच दणकट संगणक होते, पण प्रत्येकाच्या पोटात आणखी कितीतरी संगणक मांडलेले. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावायला गेलं तर सापडायची नाहीत, पण प्रत्येकाला आपापलं काम नेमून दिलेलं. एकात रुग्णांच्या नोंदी, एकात एक्स-रेची चित्रं, एकात औषधांचा साठा. या सगळ्यांच्या प्रती शहराच्या दुसऱ्या टोकाला, इस्पितळाच्याच एका छोट्या इमारतीत ठेवलेल्या असत. इथे आग लागली, पाणी शिरलं, तर तिकडच्या प्रती उठवायच्या आणि इस्पितळ पुढे चालू ठेवायचं.

मात्र त्या उठवायच्या क्रमानेच. आधी माणसांची ओळख पटवणारं मशीन, मग माहितीचा साठा सांभाळणारं, मग बाकीची. मधेच घाई केली की एखादं उठतं, दुसऱ्याला हाक मारतं, आणि उत्तर येत नाही म्हणून रुसून बसतं. हा सगळा क्रम काकांच्या डोक्यात होता. माउस हातात घेऊन एकेक खिडकी उघडत, मिटवत ते अशा सफाईने करत की बघणारा बघतच राही.

त्यांच्या हाताखाली एक बाई होती. नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांत नवखी, म्हणून तिला 'बारकी' नाव पडलं, ते दोन मुलांची आई झाल्यावरही सुटलं नाही. उंचीने तर ती काकांपेक्षा वीतभर जास्त. बारकी अधूनमधून म्हणायची, "काका, हे सगळं मला एकदा शिकवून ठेवा ना."

"मी आहे ना," काका म्हणायचे, आणि विषय तिथेच मिटायचा.

मग एके दिवशी काकांची दाढ काढली. गालात कापूस दाबून, अर्धा चेहरा बधिर अशा अवस्थेत ते घरी येऊन पडले, तोच फोन वाजला. सर्व्हरच्या खोलीच्या छतातला पाण्याचा नळ फुटला होता. बारकीने प्रसंगावधान राखून खोलीची वीज तोडली होती, कपाटं वाचली होती. पण आता तिकडच्या प्रती उठवायच्या कशा?

"काका, पहिलं कुठलं?"

"ओअख," काका म्हणाले.

"काय?"

"ओअख! ओअखीचं!"

"काका, ऐकू येतंय, पण कळत नाहीये!"

काकूंनी फोन हातात घेतला. काका कागदावर लिहू लागले आणि काकू वाचून दाखवू लागल्या. पण प्रत्येक पायरीला 'असं दिसलं तर हे कर, तसं दिसलं तर ते कर' असे फाटे फुटायला लागले. काकूंना शब्द लागेनात, बारकी रडकुंडीला आली. शेवटी काका तोंडाला रुमाल लावून तसेच गाडीत बसले. ते पोचेपर्यंत आणि नंतरही बराच वेळ इस्पितळ कागदावर चाललं. अपघात विभागात एका आजींना कुठलं औषध चालत नाही, हे कुणालाच सांगता येईना. त्या स्वतः शुद्धीवर नव्हत्या, आणि बरोबर आलेली सून घाबरून दर वेळी वेगळंच नाव घेत होती. डॉक्टर औषध हातात धरून थांबले होते. औषधांच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली होती.

सगळं मार्गी लागल्यावर अधीक्षक बाईंनी काकांना आणि बारकीला बोलावलं. त्या नव्याने आल्या होत्या, स्वतः डॉक्टर होत्या, आणि आवाज कधी चढवत नसत.

"आज तुमची दाढ होती," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही आजारी पडलात, बाहेरगावी गेलात, तर आम्ही काय करायचं? हे आपोआप व्हायला हवं. एक बटण दाबलं की पुढचं सगळं संगणकानेच करायचं. त्याला स्क्रिप्ट लिहितात ना? तुम्हाला येतं ना लिहिता?"

काकांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी मान हलवली.

खरं तर त्यांना स्क्रिप्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तोंड चालत असतं तर ते काहीतरी गुळमुळीत बोलले असते, 'बघतो', 'थोडा अभ्यास करावा लागेल' वगैरे. पण मान दोनच प्रकारे हलते, आणि समोर बारकी उभी असताना ती आडवी हलेना.

त्या दिवसापासून काकांचं चोरून शिकणं सुरू झालं. झोपायच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, कानात इअरफोन घालायचे आणि व्हिडिओ लावायचा. शिकवणारा पोरगा मिसरूड फुटलेला, आणि दर दोन वाक्यांनंतर म्हणायचा, "हे तर तुम्हाला माहीतच असेल." काकांना माहीत नसायचं. ते व्हिडिओ मागे न्यायचे.

"अहो, काय बघता एवढं लपूनछपून?" काकूंनी एकदा दार ढकलून विचारलं.

"कामाचं आहे," काका म्हणाले आणि स्क्रीन मिटली. शिकणं पकडलं गेलं याची त्यांना इतकी लाज वाटली की दुसरं काही बघताना सापडलो असतो तर बरं, असं क्षणभर वाटून गेलं.

हळूहळू त्यांना कळत गेलं. जे आपण माउसने करतो, तेच एकाखाली एक लिहायचं. संगणक ते वाचतो आणि करतो. नाव दिलेला एक डबा असतो, त्यात हवं ते ठेवायचं. यादी असते, आणि यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम पुन्हा कर असं सांगता येतं. एक कंस मिटवायचा राहिला की स्क्रीन लालभडक. वहीत सही करणारी, दुसऱ्यांच्या चुका काढणारी त्यांची बोटं आता एकेक अक्षर शोधत फिरत होती.

पण एका ठिकाणी ते पार अडकले, आणि तिथून सोडवू शकेल असा माणूस जवळच होता. तो म्हणजे त्यांचा जावई.

जावई घरी बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचा. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा काका सगळ्यांदेखत म्हणाले होते, "दिवसभर घरात बसून टायपिंग. याला काम म्हणायचं का?" पोरगा नुसता हसला होता. लेक मात्र पुढे कितीतरी दिवस बापाशी तुटक बोलत होती. आता त्याच्यापुढे हात पसरायचा म्हणजे काकांच्या जिवावर आलं होतं.

सुट्टीच्या दिवशी लेक-जावई जेवायला आले. जेवणं झाल्यावर काकांनी घसा खाकरला.

"जावईबापू, एक विचारायचं होतं. आमच्या ऑफिसात एक माणूस आहे."

"हं."

"त्याला एकामागून एक मशीन चालू करायची आहेत. पण पहिलं पुरतं उठायच्या आतच त्याचं ते स्क्रिप्ट दुसऱ्याला हात घालतं."

जावयाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग नजर पाण्याच्या भांड्याकडे वळवली. "त्या माणसाला म्हणावं, चालू हो असं सांगितलं म्हणजे ते चालू झालं असं नसतं. दर थोड्या वेळाने विचारत राहायचं, उठलास का? ते हो म्हणालं की मगच पुढच्याला हात लावायचा."

"सांगतो त्याला."

पुढच्या सुट्टीला जावयानेच विषय काढला. "त्या माणसाचं जमलं का, बाबा?"

"जमलं. जरा मंद आहे तो."

"छे हो. प्रश्न तर नेमके विचारतो."

स्वयंपाकघरात लेकीच्या हातातलं काहीतरी पडलं आणि पाठोपाठ दाबलेलं हसू ऐकू आलं. काकांचे कान तापले. पण त्या माणसाला सोडून देण्याचं धाडस त्यांना झालं नाही. सुट्टीमागून सुट्टी तो माणूस त्यांच्या घरी येत राहिला. त्याला यादी कशी वाचायची ते कळलं, मशीनचा पत्ता कसा बदलायचा ते कळलं. एकदा काकांनी त्याची अख्खी फाइलच जावयापुढे ठेवली. "त्याने मला बघायला दिलीय."

जावयाने ती वरून खाली सरकवली. "छान लिहिलंय. सांगा त्यांना."

'त्याला'चं 'त्यांना' झालेलं दोघांच्याही लक्षात आलं. 

स्क्रिप्टमध्ये काकांनी एक सोय ठेवली होती. 'प्रकार' नावाचा एक डबा केला होता. त्यात 'सराव' लिहिलं असेल तर स्क्रिप्टने काही करायचं नाही, फक्त आपण काय केलं असतं ते स्क्रीनवर सांगायचं. 'खरं' लिहिलं असेल तरच इथली मशीन बंद करून तिकडची उठवायची. तोपर्यंत त्यांनी सगळं एका छोट्याशा, रिकाम्या मशीनवर करून पाहिलं होतं. ते बंद पडलं काय, चालू राहिलं काय, कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. एका दुपारी बारकी वरच्या मजल्यावर प्रिंटर बघायला गेली असताना त्यांना वाटलं, आता खरी यादी देऊन पाहावी. नुसता सराव. त्यांनी डब्यात 'सराव' लिहिलं, दोनदा वाचून पाहिलं आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर ओळ आली: औषधांचं मशीन बंद करत आहे. बंद झालं.

काकांना बरं वाटलं. सरावासाठी आणि खऱ्यासाठी त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं, ते अगदी जसंच्या तसं आलं होतं. मग दुसरी ओळ. मग तिसरी, एक्स-रेच्या चित्रांचं मशीन बंद झालं. आणि तेव्हा कपाटातल्या पंख्यांचा आवाज उतरला.

तो आवाज काका इतकी वर्षं ऐकत आले होते की तो असतो हेच ते विसरले होते. आता तो कमी झाला, म्हणजे हा सराव नव्हता, मशीन खरोखरच बंद होत होती. फोन वाजायला लागला. मग दुसरा फोन. त्यांचं बोट थांबवण्याच्या कळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. कारण अर्धी मशीन इथे आणि अर्धी तिथे अशी अवस्था झाली तर पुढे देवालाही निस्तरता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आता ते नुसते बघत बसले.

सगळी बंद झाली. मग तिकडच्या बाजूचं पहिलं मशीन उठायला लागलं. स्क्रिप्टने विचारलं, उठलास का? थांबलं. पुन्हा विचारलं. हो आल्यावर पुढच्याकडे गेलं. ओळखीचं, साठ्याचं, चित्रांचं, औषधांचं. कुठे घाई नाही, कुठे रुसवा नाही. नळ फुटला त्या दिवशी जे करताना काकांची अख्खी दुपार गेली होती, ते जिना चढून उतरण्याएवढ्या वेळात पार पडत होतं. आणि ते बघताना काकांच्या छातीत काहीतरी भरून आलं. आपण लिहिलेलं चालतंय! दोन्ही फोन खणखणत होते आणि ते मनातल्या मनात म्हणत होते, चालतंय, चालतंय.

बारकी धावत आली. "काका, सगळं गेलं!"

"येतंय," काका म्हणाले. "परत येतंय."

आलंही. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्या वेळी काय चाललं होतं ते त्यांना नंतर कळलं. एका माणसाच्या मांडीचं हाड बसवत होते. डॉक्टर समोरच्या पडद्यावरच्या चित्रात बघून मोजमाप घेत होते आणि पडदा अचानक काळा झाला. माणूस भूल दिलेल्या अवस्थेत, मांडी उघडी, आणि डॉक्टर हातमोजे घातलेले हात वर धरून तसेच उभे. चित्र परत आलं, शस्त्रक्रिया नीट झाली. 

संध्याकाळी काका स्वतःहून लेकीच्या घरी गेले. चपला न काढताच दारात म्हणाले, "त्या माणसाकडून फार मोठी चूक झाली."

जावयाने फाइल मोठ्या स्क्रीनवर उघडली आणि या वेळी ओळीला बोट लावून वाचू लागला. बराच वेळ गेला. लेक पाणी घेऊन आली, बापाचा चेहरा बघून भांडं ठेवून निघून गेली. जावयाचं बोट एका ओळीवर थांबलं.

"इथे बघा. प्रकार बरोबर खरं. यांना म्हणायचं होतं, प्रकार 'खरं' आहे का? पण या भाषेत विचारायचं असेल तर वेगळी खूण लिहावी लागते. नुसतं बरोबरचं चिन्ह म्हणजे हुकूम. 'खरं' त्या डब्यात टाक. डब्यात आधी काय होतं ते स्क्रिप्टने बघितलंच नाही."

काका त्या दोन आडव्या रेघांकडे बघत राहिले. शाळेच्या पहिल्या वर्षात शिकलेलं चिन्ह.

"आणि मी..." जावई थांबला. त्याचाही चेहरा उतरला होता. "मागे तुम्ही दाखवलंत तेव्हा मी नीट वाचलंच नाही, बाबा. तुमचं लिहिलेलं, त्यात मी काय चुका काढायच्या, म्हणून वरवर पाहिलं आणि छान म्हटलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर पहिल्यांदा हेच दिसलं असतं."

'तुमचं' म्हणाला तो. ऑफिसातला माणूस तिथेच नाहीसा झाला. काकांना वाटलं होतं की तो गेला की सुटल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या विभागांची बैठक होती. काका रात्रभर वाक्यं जुळवत राहिले होते. पण तोंड उघडण्याआधीच अधीक्षक बाई उभ्या राहिल्या.

"काल काही विभागांच्या तक्रारी आल्या. पण मी सांगते, अशी तालीम न सांगताच घ्यायला हवी. आपलं अख्खं इस्पितळ तिकडे गेलं आणि चहा गार व्हायच्या आत पुन्हा चालू झालं. काकांनी शब्द दिला होता, तो पाळला."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. बारकीनेही वाजवल्या, जरा हळू. काका खुर्चीत बसून होते आणि त्यांना कळत होतं की आता फक्त गप्प बसायचं आहे. बाकी काहीच करायला नको.

टाळ्या थांबल्यावर शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या सिस्टर म्हणाल्या, "तालीम असेल तर असू दे. पण निदान आम्हाला तरी सांगायचं होतं, काका. टेबलावर पेशंट होता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी विचारलं होतं एवढंच.

काका उठले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "तालीम नव्हती ती," ते म्हणाले. "मला नुसता सराव करायचा होता. चूक झाली आणि खरं झालं. मला स्क्रिप्ट लिहिता येत नव्हतं. येतं असं मी बाईंना भासवलं. चोरून शिकत होतो."

हाडांचे डॉक्टर टेबलाच्या टोकाला बसले होते. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे माझ्यासमोरचं चित्र गेलं, तेव्हा तुम्ही खाली शिकत होतात?"

"हो."

चालतंय हे बघून आपल्याला आनंद झाला होता, एवढं मात्र काकांना तिथे सांगता आलं नाही. ते त्यांनी पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही.

बाईंनी त्यांना नंतर एकट्याला बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर काकांना चाललं असतं. "नाही येत म्हणाला असतात," त्या म्हणाल्या, "तर मी तुम्हाला रीतसर शिकायला पाठवलं असतं. त्यात काय होतं एवढं?"

 मग बाईंनी निर्णय सांगितला. या कामाची जबाबदारी बारकीकडे. काकांनी तिला सगळा क्रम शिकवायचा, आणि दोघांनी वाचल्याशिवाय एक ओळही खऱ्या मशीनपर्यंत जायची नाही. काका हो म्हणाले. खोलीतली मोठी खुर्ची त्यांनी त्याच दिवशी बारकीच्या बाजूला सरकवली.

दोन दिवसांनी ते मांडीच्या हाडाच्या रुग्णाला भेटायला वर गेले. माफी मागायची असं ठरवूनच गेले होते. तो गडी उशाला टेकून बसला होता, पाय बांधलेला. काकांच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून त्याचा चेहरा खुलला.

"बरं झालं आलात! सकाळपासून सांगतोय, टीव्ही लागत नाही."

काकांनी टीव्हीच्या मागे हात घातला. वायर सैल झाली होती, ती बसवली. चित्र आलं.

"फार उपकार झाले बघा," तो म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून सगळं चालतंय."

काका तिथे उभे राहिले. शब्द ओठांवर आले होते. पण त्या माणसाला काहीच माहीत नव्हतं, आणि आता सांगायचं म्हणजे त्याच्या डोक्याला घोर लावून स्वतः हलकं व्हायचं, असं त्यांना वाटलं. की हीही पळवाटच होती? ते काही त्यांना ठरवता आलं नाही. "काळजी घ्या," एवढंच म्हणून ते जिन्याने खाली आले. वाटेत बैठकीतल्या त्या सिस्टर भेटल्या, तेव्हा काकांनी मान खाली घातली.

पुढचे काही महिने सुट्टीच्या दिवशी काकांच्या जेवणाच्या टेबलावर शाळा भरू लागली. एका बाजूला काका, एका बाजूला बारकी, मधे जावई. बारकीने भराभर उचललं. शिवाय तिला काकांची भीड राहिली नव्हती. "काका, हे चूक आहे," ती सरळ म्हणायची, "आणि हेही." सुरुवातीला ते काकांना झोंबायचं. पुढे असं झालं की ती एखाद्या पानावर काहीच बोलली नाही तर तेच अस्वस्थ व्हायचे. "नीट वाचलंस ना?" असं पुन्हा पुन्हा विचारून तिला वैताग आणायचे. जावयालाही त्यांनी बजावून ठेवलं होतं, "छान म्हणायचं नाही. चूक दाखवायची." त्याला ते शेवटपर्यंत जड गेलं, पण तो दाखवू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात तळघरातली गार हवेची यंत्रणा बंद पडली आणि खोली भट्टीसारखी तापायला लागली. कपाटं बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बारकीने आधी शस्त्रक्रियेच्या खोलीला फोन लावला. एक शस्त्रक्रिया चालू होती. ती संपेपर्यंत त्यांनी दारं सताड उघडून पंखे लावून वाट पाहिली. मग तिने बटण दाबलं. काका तिच्या मागे घाम पुसत उभे होते. मधेच एक मशीन उठेना. स्क्रिप्ट तिथे थांबलं आणि काय अडलंय ते स्क्रीनवर सांगितलं. बारकीने ते हाताने उठवलं, 'पुढे चल' म्हटलं, आणि राहिलेली सगळी एकेक करून उठली.

अधीक्षक बाई खाली आल्या, दोघांचं कौतुक करायला लागल्या, तेव्हा काका पंखा आणायच्या निमित्ताने बाहेर सटकले.

घरी गेल्यावर काकूंनी विचारलं, "फोन आला होता लेकीचा. आज म्हणे सगळं तुमच्या त्या स्क्रिप्टवर निभावलं?"

"बारकीने केलं."

"आणि तुम्ही?"

"मी मागे उभा होतो," काका म्हणाले. काकूंनी ताट वाढलं. ते हात धुऊन जेवायला बसले.